निफाडचे न्यायमूर्ती आणि त्यांचे डोळे

सायखेडा ज्या निफाड तालुक्यात येते, त्या निफाड गावी १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. त्यांच्या विद्वत्तेचे गोडवे पुष्कळ गायिले जातात. प्रकृतीचा विचार क्वचितच होतो. तरुणपणीच त्यांची दृष्टी अधू झाली, आणि व्यवसाय तर न्यायाधीशाचा, कागदपत्रांवाचून ज्याचे पान हलत नाही असा! त्यांनी नोकरी सोडली नाही, की वाचनही. दुसऱ्याने वाचावे, आपण ऐकावे, हा मार्ग त्यांनी पत्करला. पत्नी रमाबाईंना त्यांनी स्वतः शिकविले. पुढे त्याच त्यांना वाचून दाखवू लागल्या. १८९३ साली ते उच्च न्यायालयात गेले, १८९८ मध्ये त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाले. या कर्तृत्वात रमाबाईंच्या श्रमांचा वाटा किती, याचा हिशेब आमच्या अर्थशास्त्राने कधी मांडला नाही.

पुढे हृदयविकार जडला. १८८७ पासून जोपासलेल्या सामाजिक परिषदेच्या लाहोर अधिवेशनास डिसेंबर १९०० मध्ये त्यांना जाता आले नाही. गोखले गेले, रानड्यांचे भाषण तेवढे तेथे पोहोचले. जानेवारीत त्यांनी सहा महिन्यांची रजा घेतली. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले. एकोणसाठ वर्षे पुरी व्हावयास दोन दिवस उरले होते.