दिवेलागणीची वेळ

घरात पिणारा माणूस असला की दिवेलागणीला बाईचा जीव टांगणीला लागतो. कसा येईल, लेकरांसमोर काय करील! गुरुकुंज मोझरीला मात्र संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असते. मैत्रिणींनो, तिथे बसलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मोठेपण कळतं.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत गरिबाघरी माणिकचा जन्म झाला. शाळा जेमतेम झाली, भजनाचा नाद मात्र लहानपणापासूनच. वरखेडचे आडकोजी महाराज त्याचे गुरू. पुढे रामटेक, सालबर्डी, रामदिघीच्या रानात त्याने ध्यानसाधना केली. पण हा तरुण रानातच रमला नाही. खंजिरी घेऊन तो गावोगाव फिरला. अंधश्रद्धा, अस्पृश्यता आणि दारूवर त्याने भजनातून प्रहार केले.

१९३५ मध्ये महाराजांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या चळवळीत तुरुंगवास सोसला. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत त्यांची खंजिरी वाजली. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत एक अख्खा अध्याय त्यांनी महिलोन्नतीला दिला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले.

रानातलं ध्यान त्यांनी गावाच्या चावडीवर आणलं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पहाटे सामुदायिक ध्यान, मग ग्रामसफाई, व्यायाम, संध्याकाळी प्रार्थना. दारू सोडतो म्हणणारे पुष्कळ भेटतात हो, पण सोडल्यावर रिकामी संध्याकाळ खायला उठते. तिथे चार माणसांची सोबत अन् रोजचा नेम कामी येतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही उपचारांच्या जोडीला योग आहेच.

मात्र एक लक्षात ठेवा. योग, ध्यान हा आधार आहे, औषधाला पर्याय नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर गाठायचा. आणि त्याची दारू हा तुमचा दोष नाही, म्हणून झाकून ठेवू नका, मदत मागा.

त्याची तयारी असेल तर उद्या पहाटे दोघं मिळून दहा मिनिटं शांत बसा. तो नाही बसला, तर बाई, तू तरी बस. तुझ्याही जिवाला विसावा हवाच ना!