डार्विनचे कुत्रे आणि हेन्रिएटाची मांजरे

१८३६ च्या ऑक्टोबरात चार्ल्स डार्विन इंग्लंडमधल्या श्रूजबरी या आपल्या गावी परतला. ‘बीगल’ जहाजातून जगाला वळसा घालून तो आला होता. वय सत्तावीस. घरच्या तबेल्यापाशी त्याचा एक कुत्रा राहत असे. मोठा तापट, अनोळखी माणसाला जवळ फिरकू देत नसे. आपण त्याला आठवतो का, हे पाहण्याची लहर डार्विनला आली. तबेल्याजवळ जाऊन त्याने पूर्वीच्याच पद्धतीने हाक मारली. कुत्र्याने ना उड्या मारल्या, ना आनंदाने भुंकला. मुकाट उठला आणि मालकाच्या मागोमाग फिरायला निघाला, जणू दोघांची चुकामूक अर्ध्या तासापूर्वी झाली होती. प्रत्यक्षात मध्ये पाच वर्षे आणि दोन दिवस गेले होते. ते वरचे दोन दिवसही मोजून ठेवणारा हा माणूस. १८७१ साली ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात प्राण्यांच्या स्मरणशक्तीचा दाखला म्हणून त्याने हा प्रसंग नोंदवला.

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचे, असे सर्रास म्हटले जाते. डार्विन तर जन्मभर कुत्र्यांच्या पक्षातला. पण हे दोन प्राणी इतके वेगळे का, याचा विचार करताना त्याने मांजराला कमी लेखले नाही. त्याच्या उत्तरांतली काही आजही टिकून आहेत.

त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, सुखवस्तू डॉक्टरच्या घरातला. आठ वर्षांचा असताना आई गेली. मुलगा शाळेत रमेना. शिकार, कुत्री आणि उंदीर पकडणे एवढ्यातच याचे लक्ष, याबद्दल वडिलांनी त्याला एकदा चांगलेच फैलावर घेतले होते. कुत्र्यांना लळा लावण्यात तो इतका तरबेज होता, की दुसऱ्याचे कुत्रे मालकाला सोडून याच्या मागे येई. पण म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने एक कबुलीही दिली आहे. अगदी लहान असताना त्याने एका पिल्लाला मारले होते. कारण काहीच नाही. आपण मारू शकतो, एवढीच मजा. पिल्लू ओरडले नव्हते, म्हणजे मार फार लागला नसावा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. तरीही ती नेमकी जागा साठ वर्षांनंतरही त्याच्या डोळ्यांसमोर होती.

पुढे वडिलांनी त्याला डॉक्टरकीसाठी एडिंबराला धाडले. तेव्हा क्लोरोफॉर्म आलेले नव्हते. भूल न देता चाललेली एका मुलाची शस्त्रक्रिया त्याला बघवली नाही. तो तिथून पळाला आणि डॉक्टरकी तिथेच संपली.

‘बीगल’च्या प्रवासात, १८३३ मध्ये, आजच्या उरुग्वेच्या माळरानावर त्याला मेंढ्या राखणारी कुत्री दिसली. मैलोन् मैल माणूस नाही आणि एखाददुसरा कुत्रा मोठा कळप सांभाळतो आहे! ही माया कुठून आली, याची त्याने चौकशी केली. पिल्लू अगदी लहान असतानाच आईपासून तोडत. दिवसातून तीन-चार वेळा त्याला मेंढीचे दूध पाजत. मेंढ्यांच्या वाड्यातच लोकरीचे अंथरूण करून निजवत. इतर कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत मिसळू देत नसत. बहुधा खच्चीही करत. असा कुत्रा मोठा झाला की मेंढ्यांनाच आपले मानी. तो रोज मांस मागायला घरापाशी येई आणि तुकडा मिळताच शरमल्यासारखा पळत सुटे, कारण घरची कुत्री त्याच्यामागे लागत. पण कळपापाशी पोहोचला की हाच भित्रा कुत्रा वळून भुंकायला लागे आणि पाठलाग करणारी टोळी शेपट्या पायात घालून परत फिरे. डार्विनच्या मते कुत्र्याच्या मनात मेंढ्यांचा कळप म्हणजे आपल्या भाऊबंदांचाच कळप झाला होता, म्हणून त्याला असा जोर चढे.

पुढे विसाव्या शतकात प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी त्या वयाची मुदत ठरवली. कुत्र्याच्या पिल्लाचे मन साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात उघडे असते. त्या काळात जो सहवासात येतो, तो त्याचा होतो. मांजराच्या पिल्लाची ही मुदत लवकर सुरू होते आणि लवकर संपते, ढोबळमानाने दुसरा ते सातवा आठवडा. दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले आणि ते पलंगाखालून बाहेरच येत नाही, अशी तक्रार अनेक घरांत असते. त्यात नव्या घराचा दोष फारसा नसतो. आधीच्या आठवड्यांत त्याला माणसाचा हात लागलेला नसतो. मांजर माणूसघाणे असते या समजुतीमागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

लग्नानंतर १८४२ मध्ये डार्विन लंडनजवळच्या डाउन गावी राहायला गेला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. दहा मुले झाली, तीन लहानपणीच गेली. स्वतःला उलट्या, अशक्तपणा, धडधड यांनी कायम पछाडलेले. त्यातूनही एक नेम चुकत नसे. दुपारी कुत्रा बरोबर घेऊन बागेपलीकडच्या वाळूच्या पायवाटेवर फेऱ्या मारायच्या. या वाटेच्या अलीकडे एक फाटा उजवीकडे काचघराकडे जाई. डार्विन तिकडे वळला, की घरातल्या मोठ्या काळ्या-पांढऱ्या बॉबचा चेहरा पडे. मान खाली, कान आणि शेपूट गळालेले, सारे अंग खचलेले. फिरायला जाणे रद्द झाले असे त्याला वाटे. घरात या मुद्रेला ‘काचघराचा चेहरा’ असे नावच पडले. मालकाचे मन वळवण्यासाठी बॉब हे मुद्दाम करतो, असे मात्र डार्विनने मानले नाही. अलीकडे शरीररचनेच्या अभ्यासात कुत्र्याच्या भुवईचे आतले टोक वर उचलणारा एक स्नायू चांगला विकसित झालेला आढळला. लांडग्यात तो जवळपास नसतोच. माणसाच्या सहवासात पिढ्यान् पिढ्या राहून कुत्र्याचा चेहराही बदलला आहे.

मांजरे होती ती हयात मुलींतली थोरली हेन्रिएटा हिची. तिच्या आठवणींनुसार वडिलांना मांजरांचे फारसे प्रेम नव्हते. पिल्लांच्या खेळाचे कौतुक मात्र होते. तरीही तिच्या एकेका मांजराचा स्वभाव त्यांच्या ध्यानात असे आणि ते मांजर मरून कित्येक वर्षे झाली तरी ते त्याच्या सवयींबद्दल बोलत. ज्याची आवड नाही त्याच्याकडेही इतक्या बारकाईने पाहणे, हा डार्विनचा खरा गुण.

मांजराविषयीचा त्याचा सर्वांत मार्मिक विचार १८६८ मध्ये आला. पाळीव प्राण्यांतील बदलांवरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ त्या वर्षी निघाला. प्रश्न साधा होता. कुत्र्यांत ग्रेहाउंड आहे, बुलडॉग आहे, मांडीवर मावणारे आहे. मग मांजरे सगळीकडे जवळपास एकसारखीच का? त्याचे उत्तर असे. कुत्र्याची जोडी माणूस जमवतो. मांजर रात्री बाहेर पडते, भटकते आणि आपली जोडी आपण जमवते. निवड माणसाच्या हातात नसेल, तर जात घडवणार कशी? वेगळी मांजरे सापडतात ती मुख्यतः दूर देशी किंवा बेटांवर. उदाहरणार्थ, आयल ऑफ मॅन बेटावरचे बिनशेपटीचे मांजर. थोडक्यात, मांजराने माणसाचे घर स्वीकारले, पण वंशाचा कारभार त्याच्या हाती दिला नाही.

या ग्रंथानंतर तीनच वर्षांनी, १८७१ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले आणि श्रीमंतांनी मांजरांच्याही जोड्या जमवायला घेतल्या. तरी अंतर भरून निघालेले नाही. आज कुत्र्यांच्या मान्यताप्राप्त जाती साडेतीनशेच्या आसपास आहेत, मांजरांच्या त्याच्या पावपटही नाहीत. एका बाबतीत मात्र डार्विन चुकला. कुत्र्याच्या मुळाशी अनेक रानटी जाती असाव्यात असे त्याला वाटे; आनुवंशिकीने फक्त करड्या लांडग्याकडे बोट दाखवले. लांडगा टोळीने शिकार करणारा. मांजराचा पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर, एकट्याने शिकार करणारे. शेती सुरू झाल्यावर धान्याच्या कणग्यांभोवती उंदीर जमले आणि उंदरांमागून मांजर आले. त्याला हुकूम पाळायची गरज कधी पडलीच नाही.

१८७२ चे पुस्तक माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनाविष्कारावरचे. कुत्री आणि मांजरे एकाच घरात पाळणाऱ्यांनी त्यातली चित्रे आवर्जून पाहावीत. चवताळलेला कुत्रा ताठ उभा राहतो, शेपूट वर, मानेवरचे केस उभे, कान पुढे. तोच समोरचा माणूस आपला मालक आहे हे कळताच अंग चोरून खाली वाकतो, शेपूट खाली येऊन हलू लागते, कान मागे पडतात. मांजराचे बरोबर उलट. हल्ल्याच्या तयारीतले मांजर जमिनीलगत दबा धरते, कान मागे सपाट करते आणि शेपूट आपटते. तेच लाडात आले, की ताठ उभे राहते, पाठीची हलकी कमान करते, शेपूट सरळ वर धरते आणि पायांना अंग घासते. भावना उलटी झाली की शरीरही उलटी मुद्रा घेते, असा नियम डार्विनने यातून मांडला.

म्हणजे एकाची माया दुसऱ्याला धमकीसारखी दिसू शकते. कुत्रा शेपूट हलवत आला तर मांजराला ते चिडल्याचे चिन्ह वाटावे. मांजर शेपूट उभारून आले तर कुत्र्याने सावध व्हावे. माणूसही हाच घोटाळा करतो. शेपूट आपटणाऱ्या मांजराला तो खुशीत समजून कुरवाळतो आणि ओरखडा खातो. अंग घासण्याचे पूर्ण कारण डार्विनला ठाऊक नव्हते. मांजराच्या गालांवर आणि शेपटीजवळ गंधग्रंथी असतात; घासून ते आपला वास लावते. मांजराचे पंजांनी कणीक तिंबल्यासारखे दाबणे मात्र त्याने अचूक ओळखले. आईचे दूध पितानाची ती सवय, मोठेपणी मऊ शालीवर उतरलेली.

याच पुस्तकात पॉली आहे, हेन्रिएटाची पांढरी टेरियर. १८७१ मध्ये हेन्रिएटाचे लग्न झाले आणि पॉली वडिलांकडे राहिली. अभ्यासिकेतल्या शेकोटीजवळ तिची टोपली असे. एकदा तिची पिल्ले नाहीशी केली गेली. त्यानंतर ती डार्विनचे हात न थांबता चाटत राही. आईपणाची माया तिला कुठे तरी ओतायची होती, असा अर्थ त्याने लावला.

हे सगळे पाहिलेल्या माणसापुढे १८७५ मध्ये अवघड प्रश्न आला. जिवंत प्राण्यांवरील प्रयोग बंद करावेत, अशी मोहीम इंग्लंडमध्ये उभी राहिली होती. हेन्रिएटाने त्यासाठीचा एक अर्ज वडिलांना पाठवला. त्यांनी सही केली नाही. शरीरविज्ञान थांबले तर औषधोपचार थांबतील, असे त्यांचे मत होते. पण त्याच वर्षी शाही आयोगापुढे साक्ष देताना, भूल देणे शक्य असून न देणाऱ्याचा त्यांनी कडक शब्दांत निषेध केला. प्रयोगाच्या टेबलावर असतानाही चिरणाऱ्याचाच हात चाटणाऱ्या कुत्र्याविषयी ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये त्यांनी आधीच लिहिले होते. तो विषय निघाला की त्यांची झोप उडे. १८७६ चा कायदा झाला, तेव्हा भूल न देता करायच्या प्रयोगांत कुत्रा आणि मांजर या दोघांसाठी वेगळ्या प्रमाणपत्राची अट आली. कायद्याच्या या कलमात तरी दोघे एकाच ओळीत बसले.

१९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन वारला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरले. त्याच सुमारास पॉलीही आजारी पडली; घसा सुजला, ती सारखी कोपरा शोधून एकटी पडू लागली. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने तिचे हाल थांबवले. डाउनच्या बागेत एका सफरचंदाच्या झाडाखाली तिला पुरले आहे.