केळूसकर गुरुजी

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. मुंबईत चर्नी रोडजवळ एक बाग होती. सायंकाळी शाळा सुटल्या, म्हणजे त्या बागेत मुलांची गर्दी होई. कोणी धावत, कोणी खेळत, कोणी नुसतेच गप्पा मारीत बसत. एक मुलगा मात्र या कोलाहलात कधी सामील होत नसे. तो एका बाजूस पुस्तक उघडून बसे, आणि एकदा वाचनात रमला, की आजूबाजूला काय चालले आहे याचे त्याला भान राहत नसे.

त्याच बागेत एक शिक्षक फिरावयास येत असत. त्यांना वाचनाचे वेड होते आणि ते स्वतः ग्रंथकारही होते. ज्याला स्वतःला पुस्तकांची गोडी असते, त्याला दुसरा वाचणारा मनुष्य गर्दीतही ओळखू येतो. गुरुजींचे लक्ष त्या मुलाकडे वारंवार जाऊ लागले. अखेर एके दिवशी ते त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याची आपुलकीने विचारपूस केली. त्या मुलाचे नाव होते भीमराव आंबेडकर, आणि ते शिक्षक होते कृष्णराव अर्जुन केळूसकर.

केळूसकर गुरुजींचा जन्म इ. स. १८६० साली कोकणात वेंगुर्ल्याजवळील केळूस या गावी झाला. गावाच्या नावावरूनच त्यांच्या घराण्याला केळूसकर हे आडनाव मिळाले. कोकणातील कितीतरी तरुणांप्रमाणे त्यांनीही मुंबईची वाट धरली, आणि तेथे विल्सन हायस्कूलमध्ये ते शिक्षक म्हणून काम करू लागले. शिक्षकाचे वेतन बेताचेच असे. परंतु शाळेचे काम संपल्यावर उरणारा वेळ त्यांनी वाचन आणि लेखन यांस वाहिला. समाजातील वाईट रूढी नाहीशा व्हाव्यात आणि ज्यांना विद्येपासून दूर ठेवण्यात आले आहे त्यांच्यापर्यंत विद्या पोहोचावी, अशी त्यांची तळमळ होती.

त्या काळी मराठीत चांगली चरित्रे थोडी होती. इंग्रजी जाणणाऱ्यास नाना देशांतील थोर पुरुषांची माहिती मिळे. पण ज्याला मराठीच येते त्याने काय वाचावे? गुरुजींनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या लेखणीने दिले. इ. स. १८९६ मध्ये त्यांनी तुकाराम महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे १८९८ साली, त्यांनी लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र निघाले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र त्यांनी मोठ्या परिश्रमाने सिद्ध केले. हे शेवटचे चरित्र इतके मान्यता पावले, की १९२१ साली प्रा. ताकाखाव यांनी त्याच्या आधारे इंग्रजी ग्रंथ तयार केला, आणि मराठी न जाणणाऱ्या लोकांनाही महाराजांचे जीवन वाचावयास मिळाले.

ज्या वर्षी बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले, त्याच १८९८ साली मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय तर त्याआधी, १८९३ सालीच सुरू झाले होते. मराठी पुस्तके एकत्र करावीत आणि ती सर्वांना वाचावयास मिळावीत, हा विचार त्या वेळी जाणत्या लोकांच्या मनात रुजू लागला होता. परंतु गरिबाच्या घरी पुस्तक येणे ही तेव्हा फार दुर्मिळ गोष्ट होती. आणि ज्याला समाज अस्पृश्य मानीत असे, त्याच्या मुलाची स्थिती तर याहूनही बिकट होती.

भीमरावाचे घर असेच होते. त्याचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातून निवृत्त झालेले होते. साताऱ्याहून मुंबईस आल्यावर हे कुटुंब परळच्या एका चाळीत लहानशा खोलीत राहू लागले. भीमराव शाळेत जाई, परंतु जातीच्या भेदामुळे तेथेही त्याच्या वाट्याला अपमान येत. साताऱ्यास असताना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर त्याला बसावे लागे; तहान लागली तरी पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची त्याला मुभा नसे. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये त्याला संस्कृत शिकावयाचे होते. परंतु ते शिकू न दिल्यामुळे त्याला फारसी घ्यावी लागली. एवढे सोसूनही त्याची वाचनाची भूक कमी झाली नाही. शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तकांसाठीही तो वडिलांपाशी हट्ट धरी. वडिलांजवळ पैसे नसत. मग ते आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांच्याकडून पैसे उसने घेत. कधी त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत, आणि मुलाला हवे ते पुस्तक आणून देत. निवृत्तिवेतनाचे पैसे हाती आले, की दागिना सोडवून परत केला जाई. अशा घरातील हा मुलगा होता.

केळूसकर गुरुजींनी त्या मुलाची जात विचारात घेतली नाही. त्याच्या डोळ्यांतील जिज्ञासा तेवढी पाहिली. तू काय वाचीत आहेस, याची त्यांनी चौकशी केली. पुढे त्याने काय वाचावे हे ते सुचवू लागले आणि आपल्याजवळची पुस्तके त्याला देऊ लागले. सुभेदार रामजी यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. भीमरावाच्या घरी त्यांना सारेजण आदराने दादा केळूसकर म्हणत.

मुलांनो, या घटनेचे मोल नीट समजून घ्या. ज्या मुलाच्या हाताला हात लागला तर आपण विटाळतो असे लोक मानीत, त्याच मुलाच्या हातात एक विद्वान गृहस्थ आपली पुस्तके विश्वासाने ठेवीत होते. हातातून हातात जाणाऱ्या त्या पुस्तकाने एक भिंत ओलांडली होती. गुरुजींनी त्यासाठी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी केवळ पुस्तक पुढे केले.

पुढे भीमराव शाळेतील परीक्षेत यशस्वी झाला. आज परीक्षा उत्तीर्ण होणारी मुले घरोघरी दिसतात. परंतु त्या वेळी त्याच्या समाजात अशी मुले अगदी विरळा होती. म्हणून त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक सभा भरवावी, असे समाजातील मंडळींनी ठरविले. सुभेदारांना मात्र हे पसंत पडले नाही. मुलाचे जाहीर कौतुक झाले, तर त्याच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना भीती वाटे. तेव्हा मंडळी दादा केळूसकरांकडे गेली. गुरुजींनी सुभेदारांची समजूत घातली आणि सभा पार पडली. त्या सभेत गुरुजींनी भीमरावाला एक भेट दिली. ती शालजोडी नव्हती, की पैशांची थैली नव्हती. ते होते त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र.

भीमरावाने ते पुस्तक मन लावून वाचले. बुद्धाचे जीवन त्याच्या अंतःकरणाला जाऊन भिडले. घरी वडिलांनी त्याच्याकडून रामायण-महाभारताचे वाचन करून घेतले होते. आता या पुस्तकामुळे त्याच्या मनात नवे प्रश्न उभे राहिले, आणि त्याने ते वडिलांना विचारलेही. चांगले पुस्तक वाचकाला केवळ माहिती देत नाही, तर त्याला विचार करावयास लावते. गुरुजींनी दिलेल्या पुस्तकाने हेच कार्य केले.

इ. स. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागला. परंतु पुढील शिक्षणाचा खर्च वडिलांच्या आवाक्याबाहेर गेला. शिक्षण थांबते की काय, असा प्रसंग आला. या वेळीही केळूसकर गुरुजी धावून आले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे विद्येचे मोठे पुरस्कर्ते होते. गुरुजी भीमरावाला घेऊन महाराजांच्या भेटीस गेले. महाराजांनी त्या तरुणास काही प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि त्यांनी त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कॉलेजातील प्रा. म्यूलर यांनीही या विद्यार्थ्याला पुस्तके देऊन साहाय्य केले. अशा रीतीने भीमरावांनी बी. ए. ची पदवी संपादन केली, आणि १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात उच्च शिक्षणासाठी गेले.

गुरुजींच्या प्रत्येक प्रयत्नाला यश आले, असे मात्र नाही. भीमराव परदेशातून परत आल्यावर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण तेथे त्यांना राहावयास जागा मिळेना. गुरुजींनी बडोद्यातील आपल्या परिचयाच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहून ती सोय करण्याचा प्रयत्न केला. परंतु त्या घरातील विरोधामुळे ती गोष्ट साधली नाही. कोलंबियासारख्या विद्यापीठात शिकून आलेल्या माणसालाही आपल्या देशात छप्पर मिळू नये, हे पाहून गुरुजींना काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करावी. एका भल्या माणसाच्या शब्दाने समाजाची सारी दारे उघडत नाहीत. तरीही त्या माणसाने शब्द टाकलाच पाहिजे, हे गुरुजींच्या वागण्यावरून दिसते.

बागेत लागलेली वाचनाची गोडी भीमरावांना जन्मभर पुरली. न्यूयॉर्कमध्ये असताना ते जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळीत आणि पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेत. अशी सुमारे २००० पुस्तके त्यांनी तेथे जमविली. लंडनमध्ये ग्रंथालयाचे दार उघडताच ते आत जात आणि ते बंद होईपर्यंत वाचीत बसत. मुंबईस दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह नावाचे घर बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. १९४६ साली त्यांच्या प्रेरणेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, आणि त्यांच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. ज्याला लहानपणी दुसऱ्याने पुस्तके दिली, त्याने मोठेपणी हजारो विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांचे दार उघडले.

हेच भीमराव पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून साऱ्या जगाला ज्ञात झाले. भारताच्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्याच वर्षी ते बुद्धाचे जीवन आणि त्याची शिकवण यांवरील आपला मोठा ग्रंथ पूर्ण करीत होते. त्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत, बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना, त्यांना जवळजवळ अर्ध्या शतकापूर्वीची ती सभा आठवली. दादा केळूसकरांनी आपल्याला बुद्धचरित्राची प्रत दिली आणि ती वाचून आपण भारावून गेलो, असे त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. एका लहान मुलाला दिलेल्या एका पुस्तकाचे हे फळ होते.

हे फळ पाहण्यास केळूसकर गुरुजी मात्र हयात नव्हते. १९३४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले होते. त्यांनी लिहिलेली चरित्रे आजही वाचली जातात. परंतु त्यांचे आणखी एक कार्य असे आहे, की ज्याची नोंद कोणत्याही ग्रंथसूचीत सापडणार नाही. बागेत एकट्या बसलेल्या मुलाजवळ थांबून त्याने काय वाचावे हे सांगणे, आणि आपल्याजवळचे पुस्तक त्याच्या हाती देणे, हे ते कार्य होय.

हे कार्य करण्यास विद्वान असावे लागत नाही, की श्रीमंतही असावे लागत नाही. २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर हा नवा जिल्हा निर्माण झाला. त्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके डोंगराळ आहेत. तेथील पाडे एकमेकांपासून दूर आहेत. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला, की वाटही अडते. अशा पाड्यावरच्या एखाद्या मुलीने शाळेतून आणलेले गोष्टीचे पुस्तक वाचून संपवावे, त्यात तिला काय आवडले ते मैत्रिणीला सांगावे, आणि ते पुस्तक तिच्या हाती द्यावे, एवढे झाले तरी केळूसकर गुरुजींचे काम तेथे सुरू झाले असे समजावे. मैत्रिणीला ते आवडेल, की आवडणार नाही, हे आधी कळत नाही. पुस्तक दिल्यावर त्यातून काय उगवेल, हे गुरुजींना तरी त्या दिवशी कोठे ठाऊक होते?

शेतकरी नाचणीचे बी पेरतो, तेव्हा कोणता दाणा रुजेल हे त्याला सांगता येत नाही. तरी तो मूठ आखडती घेत नाही. पुस्तकाचेही तसेच आहे. तुम्ही सध्या जे पुस्तक वाचीत आहात, ते वाचून झाल्यावर कपाटात ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि ते वाचावयास कोणाला आवडेल याचा विचार करा. तुमच्याच वर्गात, कदाचित शेवटच्या बाकावर, त्याची वाट पाहणारा एखादा वाचक बसलेला असेल.