सागरयात्रिक फादर थॉमस स्टीफन्स

आपला बुलढाणा जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. येथील डोंगरांत उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धेस मिळते व तिचें पाणी अखेर गोदावरीच्या ओघानें बंगालच्या उपसागरास पोहोंचतें. परंतु तिच्या कांठीं जन्म काढणाऱ्या पुष्कळांनीं समुद्र कधीं पाहिलेला नसतो. असें असतांही ज्या मराठींत आपण प्रार्थना करितों, त्या मराठींत ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र निर्माण झालें, तें एका बिकट समुद्रप्रवासामुळें. तो प्रवास करणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र महोत्सवाच्या या वर्षीं आपल्या घरोघरीं माहीत असावें, म्हणून हा अल्प प्रयत्न.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत, सन १५४९ च्या सुमारास झाला. वडील व्यापारी होते. ते वयांत आले तो काळ राणी एलिझाबेथचा असून तिच्या राज्यांत कॅथॉलिक धर्माचें उघड आचरण करणें धोक्याचें झालें होतें. स्टीफन्स व त्यांचे स्नेही थॉमस पाउंड या दोघांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा बेत केला. पण निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले, आणि पुढील सुमारें तीस वर्षें त्यांना निरनिराळ्या तुरुंगांत काढावीं लागलीं. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले व २० ऑक्टोबर १५७५ रोजीं संघांत दाखल झाले. दोघां मित्रांचा निश्चय एकच होता. परंतु एकाच्या वांट्यास तुरुंगाच्या भिंती आल्या आणि दुसऱ्याच्या वांट्यास अथांग दर्या आला.

त्या काळीं युरोपांतून हिंदुस्थानास येणें म्हणजे सबंध आफ्रिका खंडास वळसा घालणें होतें. सुवेझचा कालवा खुला झाला तो १८६९ सालीं. आगबोटी तर स्वप्नांतही नव्हत्या. शिडांच्या जहाजांस मोसमी वारा सांपडावा म्हणून तीं लिस्बन बंदरांतून मार्च-एप्रिलांत सोडीत. ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजें तुताऱ्यांच्या व तोफांच्या गजरांत निघालीं, त्यांपैकीं एकावर स्टीफन्स होते. खलाशी व शिपाई यांखेरीज जहाजावर स्त्रिया होत्या, पुष्कळ मुलेंही होतीं. आणि मोठ्या पुरुषांपेक्षां मुलेंच समुद्र अधिक चांगला सोसतात, असें त्यांच्या दृष्टीस पडलें. या प्रवासाची हकीकत त्यांनीं त्याच वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं गोव्याहून आपल्या वडिलांस पत्रानें कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें, म्हणून आज आपणांस ती माहिती मिळते.

मदीरा बेटांजवळ एका इंग्रजी जहाजानेंच त्यांच्या जहाजावर गोळे टाकिले, व आपल्या देशबांधवांना चांचेगिरी करीत हिंडतांना पाहून स्टीफन्स यांना वाईट वाटलें. पुढें कानरी बेटांपाशीं उलट्या वाऱ्यानें चार दिवस अडकून पडावें लागलें. तेवढ्या वेळांत टेनेरीफ बेटावरील उंच पर्वत त्यांनीं डोळे भरून पाहिला. त्याहून कठीण प्रसंग विषुववृत्ताजवळ आला. तेथें वारा पडतो, उकाडा असह्य होतो, आणि एकाएकीं पडणारा पाऊस इतका रोगट असतो कीं, सांठलेल्या पाण्यांत व टांगून ठेविलेल्या मांसांत लगेच किडे होतात. अशा कंटाळवाण्या दिवसांतही स्टीफन्स यांची जिज्ञासा मंदावली नाहीं. मोठ्या शार्क माशाभोंवतीं चौकीदारांप्रमाणें पोहणारे लहान मासे आणि त्याच्या अंगास चिकटून राहणारा मासा यांचें त्यांनीं बारकाईनें निरीक्षण केलें.

जहाज कोठें आहे हें ओळखण्याची विद्या त्यांना विशेष नवलाची वाटली. उत्तर-दक्षिण अंतर सूर्याच्या उंचीवरून काढतां येई; पण पूर्व-पश्चिम अंतर दाखविणारी एकही स्थिर खूण आकाशांत नाहीं. अचूक सागरी घड्याळें निघालीं तीं १८ व्या शतकांत. तोंवर मालमास होकायंत्राच्या सुईचा कल, पक्ष्यांचे थवे, वाहत आलेलें गवत व स्वतःचा अनुभव यांवरच विसंबून राहावें लागे.

२९ जुलै रोजीं जहाज केप ऑफ गुड होपपाशीं आलें. वादळ नव्हतें, परंतु लाटा पर्वतप्राय होत्या. इतर मालम किनाऱ्यापासून दूर राहूनच पुढें जात; यांच्या मालमानें मात्र वारा अनुकूल आहे अशा भरंवशावर जहाज जमिनीच्या फार जवळ नेलें. तों वारा दक्षिणेकडे फिरला. आगुल्यास भूशिरापासून अवघ्या तीन कोसांवर, चौदा वावांहून कमी पाण्यांत, जहाज सांपडलें. तळाशीं धारदार खडक असल्यामुळें नांगर धरीना. होते तेही नांगर गेले. किनारा असा होता कीं, तेथें उतरून जीव वांचविण्याची आशा नव्हती. सर्वांनीं जिवाची आशा सोडून ईश्वराकडे दृष्टि लाविली. शेवटचा उपाय म्हणून शिडें उभारलीं, आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसतां जमिनीकडून वारा सुटून जहाज खोल समुद्रांत आलें.

संकट टळलें, पण मार्ग संपला नव्हता. उशीर झाल्यामुळें जहाजास मादागास्कर बेटाच्या बाहेरून जावें लागलें. त्या वाटेनें ताजें पाणी व फळें मिळण्यास बंदर नाहीं. लौकरच प्रवाशांच्या हिरड्या सुजल्या, पाय फुगले, कित्येकांस हातपायही हलवितां येईनात. ताज्या फळांच्या व भाजीपाल्याच्या अभावीं, म्हणजेच 'क' जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळें, होणारा हा स्कर्व्ही रोग होय; तेव्हां त्याचें कारण नीट ठाऊक नव्हतें. दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं, सत्तावीस दगावलीं. आणि पूर्वींच्या सफरींच्या मानानें ही हानि थोडीच, असें जाणते लोक म्हणूं लागले! त्यांतच प्रवाहांनीं जहाज भलतीकडे ओढून सोकोत्रा बेटाकडे नेलें. अखेर ताडमाडांच्या फांद्या व पाण्यावर पोहणारे साप दिसूं लागले, तेव्हां हिंदुस्थान जवळ आल्याची खात्री पटली. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं, साडेसहा महिन्यांहून अधिक काळानंतर, स्टीफन्स गोव्यास उतरले. हिंदुस्थानांत येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज असें त्यांना मानतात.

पुढील चाळीस वर्षें त्यांनीं गोव्यांत, विशेषतः सासष्टी प्रांतांत, धर्मसेवा केली. १५८३ च्या अखेरीस राल्फ फिच, जॉन न्यूबेरी वगैरे इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत पडले, तेव्हां रदबदली करून त्यांस जामिनावर सोडविण्याच्या कामीं फादरांनीं साहाय्य केलें. त्याच वर्षीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, हें नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं हा विचार विद्वानांपुढें मांडला, तो त्यानंतर दोन शतकांनीं, म्हणजे १७८६ सालीं.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. फादर येण्यापूर्वींच सासष्टींत पोर्तुगीज राजसत्तेनें देवळें पाडलीं होतीं व जुने ग्रंथ लोकांच्या हातून काढून घेतले होते. त्यामुळें लोकांच्या मनांत सल होता, आणि तो अयोग्य होता असें कोण म्हणेल? आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं, असा नवख्रिस्ती मंडळींचा प्रश्न फादरांनीं स्वतःच्याच ग्रंथांत नोंदविला आहे. तो प्रश्न त्यांनीं दडपला नाहीं; त्याचें उत्तर देण्यांत आयुष्य वेंचलें. कोंकणी बोलीचें व्याकरण रचिलें, तें त्यांच्या पश्चात् १६४० सालीं छापलें गेलें. मराठीचा अभ्यास करून, ज्या ओवी छंदांत ज्ञानेश्वर व फादरांचे समकालीन एकनाथ यांनीं लोकांस परमार्थ सांगितला, त्याच छंदांत त्यांनीं ख्रिस्तपुराण लिहिलें. पंचाण्णव अध्यायांचा व सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१४ सालीं पूर्ण होऊन १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापला गेला. त्यांतील मराठीची स्तुति तर सर्वश्रुतच आहे. आपल्या सिंदखेडराजास १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला. म्हणजे त्या माउलीच्या कानीं जी मराठी पडत होती, तीच मराठी इकडे हा परदेशी धर्मगुरु शिकून आत्मसात करीत होता.

फादर १६१९ सालीं गोव्यांतच निवर्तले. ज्या समुद्रानें ते आले, त्या समुद्रानें स्वदेशीं ते परत गेले नाहींत. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकांस स्वभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचा हुकूम काढला. पण गोव्यांतील व मंगळूरकडील भाविकांनीं ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या व त्यांचें वाचन चालू ठेविलें. १९०७ सालीं मंगळूरास तें पुन्हां छापलें गेलें, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी आवृत्ति पुण्यास प्रसिद्ध केली.

वाचकहो, लिस्बनहून गोव्याच्या धक्क्यास लागण्यास स्टीफन्स यांना सात महिनेही लागले नाहींत. परंतु त्या धक्क्यापासून येथील माणसाच्या अंतःकरणापर्यंत पोहोंचण्यास पस्तीस वर्षें लागलीं. हा दुसरा प्रवास करण्यास समुद्र लागत नाहीं. आपल्या वस्तींत, बाजारांत, शेताच्या बांधावर शेजाऱ्याचें बोलणें धीरानें ऐकून घेणें, त्याच्या मनांत सल असेल तर तो समजून घेणें आणि त्याला कळेल अशा गोड मराठींत उत्तर देणें, हाच तो प्रवास होय. तो करण्याची बुद्धि व चिकाटी परमेश्वर आपणां सर्वांस देवो.