लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. परंतु मुलाचे मन पुस्तकांत रमेना. त्याला चित्रे काढण्याचा आणि हाताने काहीतरी घडविण्याचा नाद. वडील बंधू रामूअण्णा यांनी खर्चाचा भार उचलला आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षांनी एक विलक्षण संकट उभे राहिले. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद ओळखू येत नाही, असे ध्यानात आले. रंगच न कळणारा चित्रकार व्हावा कसा? भावाचा पैसा आणि दोन वर्षांचे श्रम वाया जाणार, असे दिसू लागले. तथापि रेषा त्यांच्या हातात पक्क्या बसल्या होत्या. यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही. लागतो तो नजरेचा नेमकेपणा व हाताचा स्थिरपणा. त्यांनी यंत्ररेखन शिकून घेतले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळविली. शिकवून उरलेला वेळ ते कार्यशाळेत घालवीत. यंत्रे खोलावी, जोडावी, ती कशी चालतात ते पाहावे, हाच त्यांचा अभ्यास.

आज नांदेडच्या वा लातूरच्या मुलाला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जोडारी किंवा कातारी हे काम शिकून प्रमाणपत्र मिळविता येते. पुढे तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही असते. लक्ष्मणरावांच्या काळी अशी शिडी नव्हती. बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी ती नोकरी सोडली.

बेळगावास भावासह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. मग कडबा कापण्याचे यंत्र केले आणि त्यानंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरी. लोखंडी नांगर माती खोल कापून उलथी करी, त्यामुळे हराळीची मुळे वर येऊन उन्हात वाळत. काळ्या रानात हराळीशी झुंजणाऱ्या मराठवाड्यातील शेतकऱ्याला याचे मोल सांगावयास नको. पण लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्या काळी समजूत होती. तिला हसणे सोपे आहे. मात्र ज्याचे वर्षभराचे पोट जमिनीच्या एका तुकड्यावर अवलंबून, तो सावध राहणारच. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली!

पुढे शहराच्या वाढीपायी कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. ते स्वतः उत्तम चित्रकार होते, हा योगायोग मोठा गोड. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर ओसाड माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली तेथे निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी वसू लागली.

येथे माणसे निवडताना लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्रांपेक्षा हात आणि वृत्ती पाहिली. शिक्षण अर्धवट सुटलेले, परीक्षेत अपयश आलेले अनेक जण त्यांच्या हाताखाली तयार झाले. तुरुंगवास भोगून आलेल्या दोघांना तर त्यांनी चक्क वसाहतीची रखवाली दिली, आणि ती त्यांनी चोख बजावली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.