सोफोक्लीस
सोफोक्लीस (सुमारे इ.स.पू. ४९६ – इ.स.पू. ४०६) हा प्राचीन ग्रीक शोकांतिकाकार होता. त्याचा जन्म अथेन्सजवळील कोलोनस येथे झाला. इ.स.पू. ४६८ मध्ये त्याने नाट्यस्पर्धेत ज्येष्ठ नाटककार एस्किलसवर मात केली. पुढे तो पेरिक्लीसचा सहसेनानीही झाला. त्याच्या १२० हून अधिक नाटकांपैकी केवळ ७ पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत.

त्यांतील ‘राजा ईडिपस’ पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) या नावाने मराठीत आणले. थीब्जचा राजा ईडिपस पूर्वीच्या राजाच्या खुन्याला शाप देतो. खुनी तो स्वतःच आहे, हे कथा ठाऊक असलेला प्रेक्षक जाणतो. त्यामुळे राजाचा प्रत्येक शब्द त्याच्यावरच उलटत जातो. भाकीत त्याच्या जन्मापूर्वीचे. मात्र इतरांनी विनवूनही सत्य खणून काढण्याचा हट्ट सर्वस्वी त्याचा. म्हणूनच त्याला निव्वळ दैवाचा बळी म्हणणे अपुरे ठरते. आश्चर्य म्हणजे, परंपरेनुसार या नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले नाही.

आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या नाटकात सोफोक्लीसने अंध, निर्वासित ईडिपसला स्वतःच्याच जन्मगावी, कोलोनसला, मृत्यू दिला. ते नाटक सोफोक्लीसच्या निधनानंतर, इ.स.पू. ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने रंगमंचावर आणले.