फातिमा इस्माईल आणि उपचाराचे अंतर
मुंबईच्या सोबानी घराण्यात १९०३ साली जन्मलेल्या फातिमा इस्माईल यांची ओळख उमर सोबानींच्या भगिनी, स्वातंत्र्यचळवळीच्या साहाय्यक आणि १९७८ पासून राज्यसभेच्या सभासद अशी करून दिली जाते. त्यांचे खरे कार्य मात्र घरातल्या एका संकटातून उभे राहिले. लहानग्या मुलीला पोलिओ झाला आणि उपचारासाठी त्यांना थेट मद्रासला डॉ. किनी यांच्याकडे जावे लागले.

मुलगी सुधारू लागल्यावर तेवढ्यावर थांबता आले असते. मद्रासची वारी ज्याला परवडते त्याचा प्रश्न सुटलेलाच असतो. फातिमाबाईंनी हिशेब मांडला तो इतरांच्या मुलांचा. १९४७ साली मुंबईत डॉ. बाळिगा यांनी दिलेल्या जागेत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू झाला. पुढे त्याच कार्यातून हाजी अलीचे बालरुग्णालय उभे राहिले.

हा उपचार बाटलीत भरून देता येत नाही. आखडलेला सांधा रोज मोकळा करायचा, दुबळ्या स्नायूकडून रोज थोडे अधिक काम करवून घ्यायचे, आणि हे महिनोन् महिने चालवायचे. त्याला यंत्रांपेक्षा शिकलेले हात अधिक लागतात, आणि असे हात तेव्हा देशात फारच थोडे होते. म्हणूनच १९५२ साली केईएम रुग्णालयात भारत सरकार, मुंबई महानगरपालिका व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने निघालेल्या भौतिकोपचार शाळेचे महत्त्व इमारतींहून मोठे. फातिमाबाईंना १९५८ साली पद्मश्री मिळाली. १९८७ साली त्या निवर्तल्या.

देशातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला. तथापि मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेली, वेळेवर मान न धरणारी, उशिरा बसणारी मुले आहेतच, आणि त्यांना लागतात तेच हात. रुक्मिणीचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र जाणतो त्या कौंडण्यपुराहून मूल कडेवर घेऊन अमरावती गाठायची, तर मजूर आईचा रोज बुडतो. अशा फेऱ्या ती किती काळ करील? उपचार फुकट असला तरी हा खर्च उरतोच, आणि उपचार अर्ध्यावर सुटतो तो बहुधा याच कारणाने. तिवशासारख्या तालुक्याच्या गावी ठरल्या वारी भौतिकोपचारतज्ज्ञ बसला आणि त्याने आईला, आजीला हे व्यायाम शिकवले, तर निम्म्या फेऱ्या वाचतील.